टर्मिनेटर मालिकेतील काळाचे गणित: कडी, फाटा की मूळ जॉन?

सांजवात

गेल्या आठवड्यात ‘द टर्मिनेटर’ (१९८४) आणि ‘टर्मिनेटर २: जजमेंट डे’ (१९९१) हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री पाहिले. यापूर्वी या दोहोंच्या मध्ये नेहमी काही वर्षांचे अंतर पडत असे, त्यामुळे जे कधी खटकले नव्हते ते या वेळी खटकले. पहिल्या चित्रपटात काळ ज्या नियमाने चालतो, त्या नियमाने दुसरा चित्रपट घडूच शकत नाही.

ज्यांना कथा धूसर आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२९ मध्ये स्कायनेट ही यंत्रणा माणसांशी चाललेले युद्ध हरण्याच्या बेतात असते. माणसांचा सेनापती जॉन कॉनर जन्मालाच येऊ नये म्हणून ती त्याच्या आईला, म्हणजे साराला, ठार करण्यासाठी एक यंत्रमानव १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये पाठवते. त्याच्या मागोमाग जॉन आपला एक सैनिक, काइल रीस, आईच्या रक्षणासाठी पाठवतो आणि हाच रीस जॉनचा बाप ठरतो. शेवटी यंत्रमानव कारखान्यातल्या दाबयंत्राखाली चिरडला जातो. त्याची चिप आणि एक हात सायबरडाइन कंपनीच्या हाती लागतात, आणि त्यांच्यावरच्या संशोधनातून पुढे स्कायनेट तयार होते. म्हणजे जॉन आणि स्कायनेट ही दोन्ही एकाच प्रवासाची अपत्ये आहेत.

दुसऱ्या चित्रपटात स्कायनेट मुलगा असलेल्या जॉनलाच मारायला नवा यंत्रमानव पाठवते, आणि भविष्यातला जॉन त्याच्या रक्षणासाठी जुन्या जातीचा एक यंत्रमानव पाठवतो. शेवटी ती चिप, तो हात आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या सायबरडाइनच्या माइल्स डायसनचे सगळे संशोधन नष्ट होते, आणि स्कायनेट घडवणार असलेला २९ ऑगस्ट १९९७ चा प्रलय टळला असे आपण मानतो. मग स्कायनेट नाही, युद्ध नाही, रीसला पाठवायचे कारण नाही. तरीही दहा वर्षांचा जॉन वितळलेल्या पोलादाच्या काठावर धडधाकट उभा असतो. हे कसे?

चाहत्यांचे तीन प्रमुख तर्क मला माहीत आहेत. काळ ही बंद कडी आहे, हा पहिला. प्रत्येक कालप्रवासातून नवा फाटा फुटतो, हा दुसरा. आणि अगदी पहिल्या फेरीत जॉनचा बाप कोणी दुसराच होता, हा तिसरा. पहिल्या दोन चित्रपटांच्या पुराव्यावर यांतला कोणता टिकतो, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. पुढच्या चित्रपटांचा आधार घ्यायला हरकत नाही, पण साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नव्हे. ‘लेखकांनी एवढा विचारच केला नसेल’ हे उत्तर मात्र कृपया देऊ नये. ते खरे असले तरी त्याने गप्पा संपतात.

पोटमाळा

माझे मत ठामपणे बंद कडीच्या बाजूने आहे, आणि माझा सगळा पुरावा एका छायाचित्रात आहे.

रीस साराला सांगतो की जॉनने त्याला तिचे एक छायाचित्र दिले होते आणि का दिले ते त्याला तेव्हा कळले नव्हते. त्यात ती तरुण आहे, थोडी उदास आहे, आणि त्या क्षणी तिच्या मनात काय चालले असेल याचा तो नेहमी विचार करीत असे. चित्रपटाच्या शेवटी तेच छायाचित्र आपल्या डोळ्यांसमोर काढले जाते. मेक्सिकोतला पेट्रोल पंप, जीपमध्ये बसलेली गरोदर सारा, शेजारी कुत्रा, आणि ध्वनिफितीवर होणाऱ्या मुलाशी ती बोलत असताना अचानक समोर येऊन कॅमेऱ्याची कळ दाबणारा मुलगा. तो पाच डॉलर मागतो, ती चार देते. त्या क्षणी ती रीसचाच विचार करीत असते.

आता हे तपासून पाहा. रीस १९८४ मध्ये आला नसता तर सारा मेक्सिकोच्या रस्त्याला लागलीच नसती, गरोदर नसती आणि उदास तर मुळीच नसती. ती एका हॉटेलात वाढपी होती, संध्याकाळी मैत्रिणीबरोबर बाहेर जायचे बेत करीत होती. म्हणजे ज्या भविष्यातून रीस निघाला, त्या भविष्याच्या भूतकाळात रीस आधीच येऊन गेलेला आहे. जॉनने त्याला दिलेले छायाचित्र हा त्याचा पुरावा आहे. ‘पहिली फेरी’ नावाचे काही असेलच, तर ती आपण पडद्यावर पाहिलेली नाही.

शून्यलब्धी

पोटमाळा यांचा पुरावा बिनतोड आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष तितका बिनतोड नाही. छायाचित्रावरून एवढेच सिद्ध होते की आपण पाहिलेली फेरी पहिली नाही. कडी अनादी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मी मूळ जॉनच्या तर्काचा पक्षपाती आहे. समजा, पहिल्या फेरीत साराला कोणा साध्यासुध्या माणसापासून मूल झाले आणि तो जॉन सेनापती झाला. स्कायनेटही चिपशिवायच, पण बऱ्याच उशिरा, माणसांनी आपल्या बुद्धीने तयार केले. हरताना स्कायनेटने यंत्रमानव पाठवला, जॉनने रीसला पाठवले आणि भूतकाळ बदलला. दुसऱ्या फेरीत जॉनचा बाप रीस झाला, चिपमुळे स्कायनेट लवकर जन्मले, आणि नव्या जॉनने आईकडून ऐकलेल्या हकिकतीप्रमाणे पुन्हा रीसलाच पाठवले. अशा फेऱ्या होत होत शेवटी एक फेरी अशी आली की तिच्यातून निघणारे भविष्य पुन्हा तोच भूतकाळ घडवते. तिथे बदल थांबला. आपण पाहतो ती हीच स्थिरावलेली फेरी.

ज्यांच्याकडे शास्त्रीय कॅल्क्युलेटर आहे त्यांनी तो रेडियनवर ठेवून कोणतीही संख्या घ्यावी आणि कोसाइनचे बटण दाबत राहावे. सुरुवातीला आकडे इकडेतिकडे उड्या मारतात, पण वीस-पंचवीस वेळा दाबल्यावर ०.७३९ च्या आसपास येऊन ठाण मांडतात. नंतर कितीही दाबा, तोच आकडा. जो प्रेक्षक पन्नासाव्या दाबानंतर आत येतो त्याला वाटते की हा आकडा अनादी काळापासून तिथेच आहे.

गिरमिट

शून्यलब्धी आणि पोटमाळा यांच्यातला हा वाद आपल्या जुन्या नैयायिकांना, म्हणजे तर्कशास्त्र्यांना, अनोळखी वाटला नसता. त्यांच्याकडे या दोषांची नीट वर्गवारी आहे. एखादी गोष्ट स्वतःच्याच आधारावर उभी असेल तर आत्माश्रय, दोन गोष्टी एकमेकींच्या आधारावर असतील तर अन्योन्याश्रय, तीन किंवा अधिक गोष्टी फिरून पुन्हा पहिलीवर येत असतील तर चक्रक, आणि आधाराची साखळी मागे मागे जात कधीच संपत नसेल तर अनवस्था. अनवस्था नेहमीच दोष ठरते असे नाही. बी आणि अंकुर यांच्या बाबतीत ती चालते, कारण प्रत्येक पिढीतले बी निराळे असते.

शून्यलब्धी यांचा तर्क हा बीजांकुराचा आहे. प्रत्येक फेरीचा जॉन निराळा, प्रत्येक फेरीची चिप निराळी, त्यामुळे ‘आधी कोण’ हा प्रश्न मागे नेता येतो आणि एखाद्या साध्या पहिल्या फेरीत सोडवता येतो. पोटमाळा यांचा तर्क हा चक्रकाचा आहे. तिथे बी एकच आहे आणि ते आपल्याच झाडाला लागलेले आहे.

माझा कल चक्रकाकडे आहे, पण छायाचित्रामुळे नव्हे. या मालिकेत छायाचित्रापेक्षा विलक्षण एक वस्तू आहे, आणि ती म्हणजे एक वाक्य. भविष्य ठरलेले नाही, असा निरोप रीस साराला तोंडपाठ म्हणून दाखवतो. तो त्याला जॉनने पाठ करायला लावलेला असतो. दुसऱ्या चित्रपटात वाळवंटातल्या त्या लाकडी टेबलावर सारा सुरीने ‘नियती नाही’ अशा अर्थाची अक्षरे कोरते, तेव्हा जॉन यंत्रमानवाला सांगतो की हे माझ्या बापाने आईला सांगितले, म्हणजे मीच पुढे भविष्यात त्याला ते पाठ करायला लावले. जॉनला ते आईकडून कळले, आईला रीसकडून आणि रीसला जॉनकडून. मग ते वाक्य रचले कोणी? कोणीच नाही. नियती नाही असे सांगणारे वाक्यच असे आहे की ते उच्चारण्यावाचून कोणालाही गत्यंतर नव्हते. लेखकांना ही गंमत कळली होती की नाही ते मला ठाऊक नाही, आणि धागाकर्त्यांनी तो विषय काढायला बंदीच केली आहे.

वाचनमात्र

एरवी मी फक्त वाचते, पण आकड्यांचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते.

दुसऱ्या चित्रपटात पोलिसांच्या संगणकावर जॉनची जन्मतारीख २८ फेब्रुवारी १९८५ दिसते. पहिल्या चित्रपटात रीस १२ मे १९८४ च्या पहाटे उतरतो आणि त्याची व साराची ती एकमेव रात्र हिशेबाने १३ मेची येते. तिथून २८ फेब्रुवारीपर्यंत जवळपास २९० दिवस होतात. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत साधारण २६६ दिवस धरतात. म्हणजे मानवजातीचा तारणहार साडेतीन आठवडे उशिरा अवतरला. शून्यलब्धी यांनी ‘मूळ बाप’ म्हणून कोणा दुसऱ्या माणसाचा संशय घेतला आहे, त्यांना हा आकडा मी सप्रेम भेट देत आहे.

दुसरी विसंगती अशी की जॉन दहा वर्षांचा आहे, म्हणजे कथा १९९५ च्या फेब्रुवारीनंतर घडते. तरीही यंत्रमानव साराला सांगतो की तीन वर्षांत सायबरडाइन ही लष्कराला संगणक पुरवणारी सर्वांत मोठी कंपनी होईल, त्यानंतर स्कायनेटचा ठराव मंजूर होईल, ४ ऑगस्ट १९९७ ला यंत्रणा सुरू होईल आणि २९ ऑगस्टला तिला स्वतःचे भान येईल. १९९५ मध्ये तीन मिळवून १९९७ च्या आधीचे साल कसे येते, हे मला तरी जमले नाही. आणि तिसऱ्या चित्रपटात (२००३) जॉन म्हणतो की तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत आवडती. रीस गल्लीत पोलिसाला पकडून तारीख विचारतो तेव्हा तो घाबरून ‘१२ मे, गुरुवार’ असे सांगतो. १२ मे १९८४ ला शनिवार होता. यावर चाहत्यांचा एक तर्क असा आहे की ही चूक नाही, तर रीस आपल्या इतिहासाहून निराळ्या इतिहासात उतरला याची ती खूण आहे.

पोटमाळा

गुरुवारचे उत्तर मला वाटते पडद्यामागे आहे. १२ मे १९८३ हा दिवस गुरुवार होता. हा चित्रपट मुळात १९८३ च्या सुरुवातीला टोरांटोमध्ये चित्रित व्हायचा होता, पण अर्नोल्ड श्वार्झनेगर आधीच्या करारामुळे कॉननच्या दुसऱ्या चित्रपटात अडकले आणि दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांना कित्येक महिने थांबावे लागले. चित्रीकरण सुरू झाले ते १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. साल बदलले आणि वार तसाच राहिला, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, पण निराळ्या विश्वापेक्षा स्वस्त आहे.

२९० दिवसांबद्दल मात्र काही बोलत नाही. पहिलटकरणीला उशीर होतो असे आमची आजी म्हणत असे.

खगोलवेडा

भौतिकशास्त्राच्या बाजूने थोडे. पोटमाळा यांच्या कडीला तिथे प्रतिष्ठित आधार आहे. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांनी मांडलेल्या स्वयंसुसंगतीच्या तत्त्वानुसार भूतकाळात जाता आले तरी तिथे विसंगती निर्माण करणारी घटना घडूच शकत नाही. तुम्ही जे कराल ते आधीच इतिहासाचा भाग असेल. पहिला चित्रपट या तत्त्वाला इतका चिकटून आहे की उदाहरण म्हणून शिकवता येईल. स्कायनेट जॉनचा जन्म टाळायला जाते आणि नेमका त्यामुळेच तो जन्मतो.

पण दुसरा चित्रपट या तत्त्वात बसत नाही, आणि मूळ जॉनच्या तर्कातही बसत नाही. चिप नष्ट करणारी फेरी ही स्थिरावलेली फेरी असूच शकत नाही. शून्यलब्धी यांच्या कॅल्क्युलेटरवर कोणीतरी हातोडा मारल्यासारखे ते आहे. म्हणून मी फाट्याच्या बाजूचा आहे. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) संदर्भात मांडलेल्या अनेक जगांच्या कल्पनेला चाहत्यांनी कालप्रवासाशी जोडले आहे. प्रवासी ज्या क्षणी उतरतो त्या क्षणी नवा फाटा फुटतो, जुना फाटा आहे तसाच पुढे चालू राहतो, आणि एकदा उतरलेला प्रवासी नव्या फाट्याचा नागरिक होतो. मग जॉन नाहीसा होण्याचे कारणच उरत नाही. त्याचा बाप दुसऱ्या फाट्यावरून आला होता आणि तो फाटा अजूनही तिथेच आहे.

याला पहिल्याच चित्रपटात दुजोरा आहे. तुम्ही भविष्यातून आला आहात का, असे सारा विचारते तेव्हा रीस म्हणतो की तुमच्या दृष्टीने पाहिले तर एका संभाव्य भविष्यातून. पुढे लगेच, तांत्रिक गोष्टी मला कळत नाहीत, असेही म्हणतो. ‘डार्क फेट’ (२०१९) तर उघडपणे फाट्याचा चित्रपट आहे. त्यात स्कायनेट कधी निर्माणच झालेले नसते, तरीही त्याने आधी पाठवलेला यंत्रमानव १९९८ मध्ये ग्वाटेमालात येऊन जॉनला गोळ्या घालतो. पाठवणारा नाही, पण पाठवलेले पार्सल दारात आहे.

गिरमिट

खगोलवेडा यांनी जॉनला वाचवले, पण त्या बदल्यात सगळ्या पात्रांची अक्कल काढून घेतली. फाटा खरा मानला तर २०२९ मधल्या हरणाऱ्या स्कायनेटला यंत्रमानव पाठवून काय मिळाले? तो कुठल्यातरी दुसऱ्या जगातल्या साराला मारील, आणि या जगातला जॉन तसाच समोर उभा राहील. आणि जॉनने तरी रीसला का पाठवावे? त्याचा स्वतःचा जन्म तर झालेलाच आहे. एका परक्या जगातल्या परक्या साराला वाचवण्यासाठी त्याने स्वतःच्या बापाला मरायला पाठवले, असे म्हणावे लागेल.

खगोलवेडा

स्कायनेटबाबत उत्तर सोपे आहे. त्याला ते ठाऊक नसेल. बुडत्याने काडीचा आधार घेतला. जॉनबाबत तुमचा आक्षेप मान्य आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शून्यलब्धी

मधल्या काळात माझा पक्ष थोडा बदलला आहे. खगोलवेडा यांच्या हातोड्याचे मी आधी पाहतो. फेरी मोडली तर आकडा पुन्हा भटकतो आणि दुसरीकडे स्थिरावतो. चिपमुळे स्कायनेटचा जन्म लवकर झाला होता. चिप गेल्यावर तो आपल्या नैसर्गिक वेळेला, म्हणजे उशिरा होतो. तिसऱ्या चित्रपटात हेच घडते. तुम्ही प्रलय फक्त पुढे ढकलला, तो अटळ आहे, असे यंत्रमानव सांगतो, आणि तारीख २००४ च्या जुलैत जाते. तिथे स्कायनेट कुठल्या एका इमारतीत नाही, जगभरच्या संगणकांत पसरलेले आहे, त्यामुळे त्याला चिपची गरजही नाही.

पण खरा मुद्दा निराळा आहे. गेले दोन दिवस एक जुना तर्क डोक्यात घोळतो आहे, आणि तो मला या सगळ्यांहून मोलाचा वाटतो: स्कायनेटने पहिला यंत्रमानव हरण्यासाठीच पाठवला होता.

स्कायनेटच्या जन्माला काय लागते ते पाहा. चिरडलेला यंत्रमानव लागतो. तो जिंकला असता, तर सारा मेली असती आणि तो धडधाकट राहिला असता, सायबरडाइनच्या हाती काहीच लागले नसते. यश मिळालेल्या यंत्रमानवाचे काय होते ते ‘डार्क फेट’मध्ये दिसतेच. काम संपल्यावर तो रानात झोपडी बांधतो, संसार करतो आणि लोकांच्या घरांचे पडदे बसवतो. त्याच्यापासून स्कायनेट कसे जन्मणार? स्कायनेटला आपल्या जन्माची हकिकत ठाऊक असेल, तर १९८४ मध्ये मोडून पडणारे यंत्र पाठवणे त्याला भागच होते.

आता दोन यंत्रमानवांची तुलना करा. १९८४ मध्ये, म्हणजे चिप सायबरडाइनला मिळण्याआधी, जातो तो जुना, जड, धातूच्या सांगाड्याचा टी-८००. १९९५ मध्ये, म्हणजे डायसनच्या तिजोरीत चिप सुरक्षित पोहोचल्यानंतर, जातो तो द्रवधातूचा, मोडता न येणारा टी-१०००. बी पेरायला एक आणि मारायला दुसरा, असे हे काम वाटून दिले आहे.

सांजवात

हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो हे कबूल करतो. दुसऱ्या यंत्राचा काळ आणि जात या दोन्ही गोष्टी इतक्या नेमक्या जुळतात की क्षणभर सगळे सुटल्यासारखे वाटते. पण अडचणी आहेत.

रीसच्या सांगण्यानुसार युद्धात बहुतेक दस्तऐवज नष्ट झाले होते आणि स्कायनेटला जॉनच्या आईबद्दल तिचे नाव आणि शहर एवढेच ठाऊक होते. म्हणून तर यंत्रमानव टेलिफोनच्या पुस्तकातले पान काढून सारा कॉनर नावाच्या बायकांना क्रमाने मारत सुटतो. ज्याला साराचा पत्ता ठाऊक नाही, त्याला कारखान्यातल्या दाबयंत्राची हकिकत कशी ठाऊक असेल? शिवाय हरायला पाठवलेले यंत्र अख्खे पोलीस ठाणे आडवे करते. हरण्याचा अभिनय म्हणून हे जरा जास्त झाले.

पोटमाळा

मलाही तर्क आवडला आणि मलाही तो पटत नाही. पण दस्तऐवजांबाबत शून्यलब्धी यांना एक दुवा देतो. ‘सॅल्व्हेशन’ (२००९) मध्ये २०१८ साली स्कायनेटच्या मारायच्या यादीत काइल रीस सर्वांत वर आहे. तो जॉनचा बाप होणार आहे हे स्कायनेटला कुठून कळले, हे चित्रपट सांगत नाही, आणि हाती लागलेल्या रीसला ते लगेच का मारत नाही हेही पटण्यासारखे सांगत नाही. चाहत्यांचे उत्तर असे की दुसऱ्या चित्रपटात, साराला ठेवलेल्या मनोरुग्णालयातले डॉ. सिल्बरमन शिकाऊ डॉक्टरांना साराच्या खोलीबाहेर उभे करून तिच्या ‘भ्रमा’ची सगळी हकिकत सांगतात: यंत्रमानव, भविष्यातून आलेला सैनिक, तोच मुलाचा बाप. इस्पितळात हे सगळे नोंदवलेले असणार. स्कायनेटने कधीतरी त्या नोंदी वाचल्या असतील, तर त्याला आपल्या जन्माची कथा एका वेड्या ठरवलेल्या बाईच्या केस-पेपरांतून कळली.

आणि मग ‘सॅल्व्हेशन’चे कोडेही शून्यलब्धी यांच्या तर्काने सुटते. स्कायनेट रीसला मारत नाही, कारण रीस नाही तर दाबयंत्र नाही आणि दाबयंत्र नाही तर स्कायनेट नाही. पण तसे असेल तर त्याला यादीत सर्वांत वर का ठेवले, हा प्रश्न उरतोच. पांघरूण डोक्यावर ओढले की पाय उघडे पडतात.

वाचनमात्र

दोन छोटे मुद्दे. दुसऱ्या चित्रपटात आपण चिप आणि जुना हात पोलादात पडताना पाहतो, शेवटी चांगला यंत्रमानवही उतरतो. पण त्याआधी त्याचा स्वतःचा एक हात त्याच कारखान्यातल्या दातेरी चाकांत अडकून तुटलेला असतो, आणि तो तिथेच राहतो. स्कायनेट पुन्हा कसे उगवले याचे बरेच जण हेच कारण देतात. मला ते अपुरे वाटते. डायसन स्वतः सांगतो की चिप फुटलेली होती, चालत नव्हती, पण तिने आम्हाला नव्या दिशा दाखवल्या. दिशा चिपने दाखवल्या, हाताने नव्हे.

दुसरा मुद्दा टी-१००० चा. कालयंत्रातून फक्त जिवंत ऊती जाऊ शकतात, म्हणून रीस नागडा येतो आणि टी-८०० ला मांसाचे आवरण लागते. मग नखशिखान्त धातू असलेला टी-१००० कसा गेला? मांसाच्या पिशवीत घालून पाठवला, असे चाहते म्हणतात. म्हणोत बापडे.

सांजवात

सगळ्यांचे वाचून मला आता असे वाटू लागले आहे की मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. काळाचा नियम कोणता, असे मी विचारले. पण या दोन चित्रपटांत कोणालाच तो ठाऊक नाही. रीसने हात वर केलेच आहेत. ठाऊक नसताना प्रत्येक पात्र एका नियमावर पैज लावून वागते, आणि पैजा निरनिराळ्या आहेत.

स्कायनेटची पैज अशी की काळ बदलता येतो. नाहीतर यंत्रमानव पाठवण्याला अर्थ नाही. जॉनची पैज अशी की काळ बंद कडी आहे. तो रीसला निवडतो, त्याला छायाचित्र देतो, निरोप पाठ करायला लावतो, कारण हे सगळे असेच घडले हे त्याला आईने सांगितलेले आहे. गिरमिट यांच्या आक्षेपाचे उत्तर मला इथे सापडते. जॉन बापाला परक्या जगात पाठवत नाही. तो आपल्या आईच्या आठवणीतला माणूस तिच्याकडे रवाना करतो. आणि तरी त्याने पाठवलेल्या निरोपात भविष्य ठरलेले नाही असे म्हटलेले असते. ज्याचा त्याला स्वतःला विश्वास धरता येत नाही ते तो आईला सांगतो.

दुसऱ्या चित्रपटात सारा या दोन पैजांमधून स्कायनेटची पैज उचलते. टेबलावर ती अक्षरे कोरून ती उठते, बंदूक घेते आणि डायसनच्या घरी जाते. अंधारात ती झाडीतून नेम धरते, लेझरचा लाल ठिपका त्याच्या पाठीवर येतो, आणि तेवढ्यात त्याच्या मुलाची रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी त्याच्या पायाला धडकते, तो खाली वाकतो आणि गोळी वरून जाते. ज्याने अजून काही केलेले नाही त्याला पुढे जे करणार आहे त्यासाठी मारायला आलेली ती आहे, आणि पहिल्या चित्रपटात हेच काम घेऊन यंत्रमानव तिच्या दारात आला होता. फरक एवढाच की घरात शिरल्यावर, जमिनीवर पडलेल्या डायसनसमोर, तिला घोडा ओढता येत नाही.

म्हणून दुसरा चित्रपट पहिल्याचा नियम मोडतो, हे माझे सुरुवातीचे विधान मी मागे घेतो. पहिल्याने नियम सांगितलाच नव्हता. जॉनची पैज जिंकलेली आपण पाहिली आणि तिलाच नियम समजलो. दुसऱ्यात सारा दुसरी पैज लावते, आणि ती जिंकली की नाही हे चित्रपट दाखवत नाही. २०२९ मधली म्हातारी सारा, बाग आणि खासदार झालेला जॉन असा सुखान्त शेवट चित्रित झाला होता, पण तो काढून टाकला आणि त्या जागी रात्रीचा धावता रस्ता ठेवला.

शून्यलब्धी

रस्त्याचे मान्य. पण मग स्कायनेट मुद्दाम हरले, हा माझा तर्क तुम्ही फेटाळलेला नाही. फक्त स्कायनेटचीही पैज जॉनसारखीच कडीवर होती, एवढेच त्यात बदलावे लागेल.

गिरमिट

म्हणजे मग दोन्ही बाजू एकच इतिहास राखण्यासाठी एकमेकांशी लढत होत्या. हे तर मूळ प्रश्नापेक्षा अवघड झाले.

पोटमाळा

जाता जाता छायाचित्राकडे एकदा परत येतो, कारण त्यातली एक गोष्ट लिहायची राहिली.

गिरमिट यांचे वाक्य कोणी रचलेले नाही. चिपमधली कल्पनाही कोणाच्या डोक्यातून निघालेली नाही. डायसनने ती चिपमधून घेतली आणि चिपमध्ये ती डायसनमुळे आली. या दोन्ही गोष्टी निराधार फिरत राहतात. छायाचित्राचे तसे नाही. तो कॅमेरा लगेच छायाचित्र हातात देणारा आहे, म्हणजे मागे निगेटिव्ह राहत नाही आणि दुसरी प्रत निघत नाही. रीसच्या आठवणीत भविष्यातला तो भूमिगत आडोसा दिसतो, यंत्रमानव आत घुसतो, आग लागते, आणि खाली पडलेला रीस ते छायाचित्र कडांकडून आत जळत जाताना पाहतो. म्हणजे रीस १९८४ कडे निघतो तेव्हा ते त्याच्यापाशी नसते. ते १९८४ मध्ये एका पेट्रोल पंपावर जन्मते, सरळ रेषेत पुढे जाते, साराकडून जॉनकडे, जॉनकडून रीसकडे, आणि २०२९ येण्याआधी राख होते. ते कधीच मागे आलेले नाही. सगळ्या मालिकेत कालप्रवासाला कारण होणारी आणि स्वतः कालप्रवास न केलेली अशी दुसरी वस्तू कोणाला आठवते का?

वाचनमात्र

चार डॉलर. ते त्या मुलाकडेच राहिले.